दिवा विझवून बिघाड जात नाही



मोटारसायकलच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की नाक्यावरचा मिस्त्री सांगतो, ऑक्सिजन सेन्सर काढा, वायरीत रेझिस्टर घाला, दिवा गप्प! आमचा याला साफ विरोध आहे. लाल्या आला म्हणून पऱ्हाटीची लाल पाने खुडत बसणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

१ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ च्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यावरून पेट्रोल कमीजास्त होते. तो आंधळा केला की पेट्रोल अंदाजाने जाते. अ‍ॅव्हरेज पडते, प्लग काजळतो. दिवा विझवल्याची किंमत आपणच पंपावर भरतो.

पण एकट्या मिस्त्रीला शिव्या देऊ नका. पुष्कळदा सेन्सर चांगलाच असतो. वायर उंदराने कुरतडलेली असते, नाहीतर बेंड पाईप गळत असतो. बिघाडाचा कोड गाडीतच नोंदलेला असतो. तो वाचायचे यंत्र मात्र तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरात, आणि गावचा मिस्त्री अंधारात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यात मोटारगाड्या आहेत, शेतीची अवजारेही आहेत. पोर्टलने गाडी चालू होत नाही! कोडांची यादी मराठीत गाडीसोबतच मिळाली पाहिजे, ही आमची मागणी आहे.

तोवर सेंटरवाला सेन्सर बदला म्हणाला तर कोड बिलावर लिहून घ्या, आणि जुना सेन्सर मागून आणा.