वीजकंपनीची किंमत आणि खांबावरचा माणूस

चंडीगड शहराची वीजवितरण यंत्रणा १ फेब्रुवारी २०२५ रोजी खाजगी कंपनीच्या हाती गेली. राखीव किंमत सुमारे १७५ कोटी रुपयांची असता बोली ८७१ कोटींची झाली. त्यापूर्वी २०१८ साली मुंबई उपनगरांतील रिलायन्सचा वीजव्यवसाय सुमारे १८,८०० कोटी रुपयांना अदानी समूहाने घेतला. अशा व्यवहारांत गळती, थकबाकी, मीटर, रोहित्रे या सर्वांचे मोल काटेकोरपणे ठरते. परंतु पावसाळ्यात खांबावर चढणारा जो माणूस, त्याच्या जिवाला असलेला धोका या हिशेबाच्या कोणत्या सदरात मांडला जातो, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळणे कठीण.

कोणी म्हणेल, विकणाऱ्याची अपघातांची नोंदवही खरेदीदार पाहतोच. पाहत असेलही. आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हा तपासणीच्या दिवशी आमचा हजेरीपट निष्कलंक असे; पण त्यावरून शाळेची खरी अवस्था तपासनिसाला कधी कळली असेल, असे आम्हांस वाटत नाही. नोंदवहीत ‘अपघात शून्य’ दिसले की खरेदीदाराने संतोष मानू नये, चौकशी वाढवावी. कंत्राटदाराचा माणूस मेला तर तो कंपनीच्या वहीत येतो काय? आणि ज्याला खेडोपाडी ‘झिरो वायरमन’ म्हणतात, ज्याचे नाव कोणत्याच हजेरीवर नसते, तो कोणाच्या वहीत येणार? वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार अपघाताची वर्दी द्यावी लागते. विद्युत निरीक्षकाचे दप्तर आणि नुकसानभरपाईचे दावे विक्रेत्याच्या वहीशी ताडून पाहणे अवघड नाही. त्यांत जी तफावत निघेल, तीच त्या कंपनीची खरी ओळख होय.

अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने होतात, हा युक्तिवाद आता जुना झाला. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम करावयाचे तर उपकेंद्रातून प्रवाह बंद करावा, लेखी परमिट घ्यावे, तार मृत असल्याची खात्री करून ती दोन्ही बाजूंनी भूमीशी जोडावी आणि मगच हात लावावा, हा क्रम प्रत्येक लाइनमनला पाठ असतो. तो मोडतो कोठे? एक माणूस तीन उपकेंद्रे सांभाळतो तेथे. परमिट फोनवरून तोंडी मिळते तेथे. एकाच खांबावर दोन वाहिन्या असून एकच बंद केली जाते तेथे. कोणाच्या तरी घरचे जनित्र उलटा प्रवाह सोडते तेथे. ही माहिती ताळेबंदात सापडत नाही. त्यासाठी न सांगता रात्रपाळीला उपकेंद्रात जावे लागते, परमिटवही उघडावी लागते, हातमोजे फाटके आहेत की कोरे कपाटात पडले आहेत, हे पाहावे लागते.

ओडिशाचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९९ साली वितरण खाजगी हातांत गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळाने मध्य विभागाच्या तारा-खांबांची वाताहत केली. २००१ साली तेथील परदेशी कंपनी काढता पाय घेऊन निघून गेली. इतर तीन विभागांचे परवाने २०१५ साली रद्द झाले. २०२० व २०२१ मध्ये चारही विभागांत टाटा पॉवरने ५१ टक्के भाग घेतला, तेव्हा गळती घटविण्याची व भांडवल घालण्याची वचने नियामक आयोगाने लेखी घेतली. ते योग्यच झाले. पण कुजलेले खांब, लोंबकळत्या तारा आणि अपुरी माणसे हीही विकत घेतलेली मालमत्ताच आहे, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च बोलीच्या रकमेतून आधी वजा झाला पाहिजे. तसे न झाले, तर जादा बोलीची वसुली पुढे कंत्राटी मजुरीत काटछाट करून होते.

२०२४ च्या अखेरीस उत्तर प्रदेशाने पूर्वांचल व दक्षिणांचल या दोन वितरण कंपन्यांच्या खाजगीकरणाचा प्रस्ताव पुढे आणला. अशा प्रत्येक विक्रीच्या निविदेस मागील पाच वर्षांतील मृत व जायबंदी कामगारांची यादी, कंत्राटी माणसांसह, विद्युत निरीक्षकाच्या सहीने जोडलेली असावी. ती नसेल तर नियामक आयोगाने बोली उघडूच नयेत.