पंखे किती नव्हे, कुठे?

चिखलीच्या मे महिन्यात, त्यात सबमिशनच्या आदल्या रात्री, पीसी तापून बंद पडला की आपण काय करतो? कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावतो! मला हे पटत नाही. हवेची वाट मोडते नि धूळ थेट मदरबोर्डवर. घरी कूलर लावला की समोरची खिडकी उघडतोच ना? तेच लॉजिक. पुढून थंड हवा आत, मागून-वरून गरम हवा बाहेर. पंख्याच्या आडव्या दांड्यांची बाजू बहुधा हवा फेकणारी, तेवढं बघून स्क्रू मारा. आत ओढणारी हवा जराशी जास्त ठेवा. मग फटींतून धूळ शिरत नाही. पुढची जाळी मात्र झटकत राहा. आणि हो, खोलीच ४० अंशांवर असेल तर सहा पंख्यांनीही प्रोसेसर त्याखाली येणार नाही. रंगीत लाईटवाले असले तरी!