बैठकीची रंगरंगोटी

दिवाळी तोंडावर आली की आपण घर झाडूनपुसून भिंतींवर रंगाचा हात फिरवतो. २०२५ साली ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, म्हणजे २१ ऑक्टोबरला, संगणकाच्या दुनियेतही अशीच एक रंगरंगोटी झाली. 'केडीई प्लाझ्मा' या डेस्कटॉपची ६.५ ही आवृत्ती त्या दिवशी बाहेर पडली.

वाचकहो, नावाने बिचकू नका. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स'चा पाया घातला. पण पाहुणा काही जोत्यावर बसत नाही. त्याला बैठकीची खोली लागते. दारे, कोनाडे, तसबिरी, दिव्याचे बटण, हे सारे जिथे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते ती बैठक म्हणजे डेस्कटॉप. माटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ साली अशी एक बैठक बांधायला घेतली, तीच ही केडीई. तिला भाडे नाही, पागडी नाही. वर घराचा नकाशाही आपल्या हाती दिलेला. हवी ती भिंत पाडा!

आमच्या अंबाजोगाईत या गोष्टीचे काय अगत्य, असे कोणी विचारील. थोरल्या मुलासाठी घेतलेला संगणक धाकटीकडे येतो आणि तिची परीक्षा झाली की वडिलांच्या पत्रव्यवहाराला लागतो, असा मध्यमवर्गीय घरांचा रिवाज आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून 'विंडोज १०'ची नेहमीची मोफत डागडुजी मायक्रोसॉफ्टने थांबवली, आणि 'विंडोज ११' पुष्कळशा जुन्या यंत्रांना दारातच उभे करीत नाही. धडधाकट यंत्र केवळ वयापायी भंगारात घालायचे, हे बीड जिल्ह्यातल्या संसारी माणसाला पटण्यासारखे नाही. लिनक्स अशा यंत्रांवर बहुधा सुखाने नांदते.

आता नवलाई पाहू. दिवसा उजळ आणि सांजावले की काळोखा असा रंग ही बैठक आता आपणहून बदलते. खिडक्यांचे खालचे कोपरेही गोल झाले. त्यावाचून कोणाचे अडले होते, देव जाणे. उतरवून घेतलेला मजकूर जिथे तात्पुरता राहतो, तिथे आता हव्या त्या ओळीवर चांदणी उमटवून ती कायमची राखता येते. रोज 'स. न. वि. वि.' लिहिणाऱ्यांची चांगली सोय झाली. पण मला सर्वांत मौज वाटली ती शोधाच्या चौकटीची. तिच्यात नाव थोडे चुकीचे लिहिले तरी ती समजून घेते आणि हवे ते दार उघडून देते. वीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घाखाली तांबड्या रेघा ओढणाऱ्या माणसाला हे औदार्य जरा अतीच वाटते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते मानवेल.

खरी मेख पुढेच आहे. ही बैठक मराठीत मांडता येते. केडीईच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. 'लोहित' नावाचा मोफत देवनागरी टंक आहे, तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला. इनस्क्रिप्ट कळफलकही आहे. मात्र वर्षातून दोन-तीनदा नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात. त्यांचे मराठी करणारे पगारी नोकर नव्हेत, हौशी माणसे. जे वाक्य कोणी मराठीत केले नाही ते इंग्रजीतच उभे राहते, आणि मग एक दार मराठी, पलीकडचे इंग्रजी, असा देखावा दिसतो. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आम्हां प्राध्यापक मंडळींची भाषणे झाली. भाषणांना माझी हरकत नाही. पण त्यातला एक तासही या वाक्यांच्या वाट्याला आला असता तर?

काम अवघड आहे म्हणावे तर तेही नाही. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे रिकामी जागा, ती भरायची. पारिभाषिक कोशातला जड शब्द उचलला की मात्र फसलेच. चूक पोटात घालणाऱ्या त्या शोधाला 'अस्पष्ट शोध' म्हणाल तर कोणी हात लावणार नाही; 'अदमासे शोध' म्हणा, आमच्या आडत बाजारातला हमालसुद्धा समजेल.

आणि लिहायला पृष्ठभाग अपुरा पडला म्हणून अडून बसण्याची आमच्या गावाची रीत नाही. सोळाव्या शतकात जन्मलेल्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून काढले. त्यांची ती पासोडी अंबाजोगाईत आजही आहे.

सुटीत मुलांना हाताशी धरून एक प्रयोग करावा. लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. मूळ यंत्रातल्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही. पसंत पडले तरच घरात घ्यावे, आणि त्याआधी फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. दुकानाचा हिशेब 'टॅली'वर असेल तर घाई नको, तो विंडोजसाठीच बांधलेला आहे. श्रीलिपीतली जुनी पत्रेही त्या टंकावाचून गिचमीड दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये करून घ्यावीत. भाषा निवडताना मात्र यादीत 'म' पर्यंत खाली यावे.