गेम बंद कर म्हणण्याआधी तो कोणता गेम आहे ते बघा

गावात मोबाईलवरच्या खेळांविषयी बोलणं निघालं की दोनच वाक्यं ऐकू येतात. घरचे म्हणतात, "पोरगं दिवसभर गेममध्ये असतं, वाया चाललंय." आणि पोरगं म्हणतं, "सगळेच खेळतात, त्यात काय एवढं?" दोघंही 'गेम' हा एकच शब्द वापरतात, पण मोबाईलवरचा प्रत्येक गेम वेगळा. एकात वेळ जातो, एकात थोडाफार पैसा जातो, आणि एकात अख्ख्या उसाचं बिल जाऊ शकतं. फरक ओळखता आला नाही तर नको त्या गेमवरून घरात भांडण होतं आणि खरा धोका बाजूलाच राहतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. तेव्हापासून "आता गेम बंद झाले" असं पुष्कळांनी गृहीत धरलं. ते अर्धंच खरं आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो?

या कायद्याने खेळांचे तीन गट पाडले. पहिला, ई-स्पोर्ट्स, म्हणजे ठरलेल्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धा. दुसरा, करमणुकीचे आणि शिकण्याचे साधे खेळ. या दोन्हींना परवानगी आहे, उलट प्रोत्साहन आहे. तिसरा, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे खेळ. हे बंद.

आधी कंपन्या म्हणायच्या, "रमी हा डोक्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही." न्यायालयांत वर्षानुवर्षं यावरच वाद चालला. नव्या कायद्याने तो वादच बाजूला ठेवला. डोक्याचा असो की नशिबाचा, पैसा लागला की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या आहेत.

सरकारच्या अंदाजानुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावत होते. आपल्या राज्यात हा विषय थेट विधिमंडळात पोहोचला. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा गेम दिसत असल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे कृषी खातं त्यांच्याकडून गेलं आणि क्रीडा खातं मिळालं.

बंदूकवाले गेम: मधेच का थांबत नाही?

बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे गावातल्या पोरांचे सगळ्यात लाडके. बीजीएमआयमध्ये साधारण १०० खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. बंदुका, औषधं गोळा करतात. खेळायची जागा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. फ्री फायरचा डाव १०-१५ मिनिटांत संपतो आणि हलक्या मोबाईलवरही चालतो. गावात तो इतका पसरला त्याचं हेही एक कारण.

आई जेवायला हाक मारते आणि पोरगं "थांब, मॅच चालू आहे" म्हणतं, ते दर वेळी उद्धटपणाने नसतं. हा गेम मधेच थांबवता येत नाही. चौघांची टीम असते आणि एक उठला तर बाकीचे तिघं अडकतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" यापेक्षा "हा डाव संपला की फोन ठेव" हे जास्त लागू पडतं.

इथे जिंकून पैसे मिळत नाहीत, पण पैसे जाऊ शकतात. कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या अ‍ॅक्शन यासाठी बीजीएमआयमध्ये 'यूसी' आणि फ्री फायरमध्ये 'डायमंड' विकत घ्यावे लागतात. त्यात बहुतेक नुसता दिखावा असतो. पण चार मित्रांकडे भारी पोशाख आणि आपल्याकडे साधा, हे पोरांना झोंबतं. वडिलांच्या यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर हळूहळू खातं रिकामं होतं. बीजीएमआयने १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवली आहे, पण मुलाने स्वतःला सज्ञान दाखवलं की ती मर्यादा उरत नाही.

धावायचे, कोड्यांचे आणि शेतीचे गेम

सबवे सर्फर्स, टेंपल रन यांना शेवटच नाही. पडलो की पुन्हा पळायचं. डाव दोन मिनिटांचा, म्हणून "एकच अजून" करता करता तास जातो. मधे मधे जाहिराती येतात आणि कंपनीची कमाई बरीचशी त्यातूनच होते. लहान लेकरू त्या जाहिरातीवर बोट दाबून भलतंच अ‍ॅप घेऊन बसतं, तिथे लक्ष हवं.

कँडी क्रशसारखे कोड्यांचे गेम घरातल्या बायका, मोठी माणसंही खेळतात. त्यात ५ 'जीव' असतात. हरलं की एक जातो आणि परत मिळायला अर्धा तास लागतो. थांबायचं नसेल तर पैसे भरा. नेमकं "एकाच चालीने राहिलं" असं वाटतं तेव्हाच खिशात हात जातो.

शेतीचा 'हे डे' नावाचा गेम तर शेतकऱ्याला हसू आणेल. त्यात गहू २ मिनिटांत आणि मका ५ मिनिटांत येतो. अवकाळी नाही, अडत नाही, लाईट जाण्याची भानगड नाही. पण पुढे गेलं की कोठार भरतं, बांधकामाला तासन् तास लागतात आणि घाई करायची तर 'हिरे' विकत घ्या. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्येही तेच. आधी सगळं झटपट, नंतर एकेका कामाला काही दिवस. हे गेम तुमच्या उतावीळपणाची किंमत घेतात. ज्याला वाट बघता येते त्याचा एक रुपयाही जात नाही.

क्रिकेटचे, गाड्यांचे, बस-ट्रॅक्टरचे गेम या सगळ्यांत साधे. ल्युडो किंग, कॅरम, बुद्धिबळ घरातल्या घरात खेळले तर त्रास नाही. बुद्धिबळ तर मुद्दाम खेळू द्यावं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. मोबाईलवर बुद्धिबळ फुकट शिकता येतं आणि त्यासाठी शहरात जायला लागत नाही.

पैशाचे गेम: हिशोब मांडून बघा

आता खरा मुद्दा. रमीचं उदाहरण घेऊ. समजा एका टेबलावर ६ जण आहेत, प्रत्येकाकडे १,००० रुपये. म्हणजे एकूण ६,०००. दर डावाला प्रत्येकी १०० लावले की ६०० जमले. समजा त्यातले १० टक्के, म्हणजे ६० रुपये अ‍ॅपवाल्याने कापले. असे १०० डाव झाले की सहाच्या सहा हजार रुपये अ‍ॅपकडे गेले. कोण हुशार, कोण नशीबवान, याने एवढाच फरक पडतो की कुणाचा खिसा आधी रिकामा होतो. पारावरच्या पत्त्यांत हरलेला पैसा निदान गावातच राहायचा. तोही जुगारच आणि तोही गुन्हाच, पण अ‍ॅपवर गेलेला पैसा थेट तालुक्याबाहेर जातो.

विमानाच्या गेमचंही तसंच. एव्हिएटरमध्ये पडद्यावर विमान वर चढतं आणि आकडा वाढत जातो. ते गायब होण्याआधी पैसे काढले तर वाढून मिळतात, नाहीतर सगळे गेले. तो बनवणारी कंपनीच सांगते की लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९७ टक्के परत जातात. ऐकायला बरं वाटतं. पण एक फेरी काही सेकंदांची. दर फेरीला १०० रुपये लावून १०० फेऱ्या केल्या तर १०,००० लावले गेले आणि सरासरी ३०० गेले. रात्रभर खेळलं, रक्कम वाढवत नेली, तर किती? आणि हे खऱ्या गेमबद्दल झालं. त्याच नावाने फिरणाऱ्या नकली अ‍ॅपमध्ये विमान कधी पाडायचं हे समोरचा ठग ठरवतो.

या खेळांची रीत ठरलेली. आधी बोनस. मग छोटी रक्कम जिंकू देतात आणि ती खात्यात येतेही. त्यानेच विश्वास बसतो. मग मोठी रक्कम लावली की जाते. "गेलेले काढून मग सोडतो" असं माणूस म्हणतो, आणि बहुतेकांचं कर्ज तिथूनच सुरू होतं.

बंदीनंतर धंदा कुठे गेला?

मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ चं नावही गेलं. पण मागणी एका दिवसात संपत नाही. आता टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिंक येतात. "रंग ओळखा, दुप्पट मिळवा", "ही फाईल इन्स्टॉल करा". ही अ‍ॅप प्ले स्टोअरवर नसतात, परदेशातून चालतात, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला पत्ताही नसतो. वरून अशी फाईल मोबाईलमधले एसएमएस वाचून ओटीपी चोरू शकते. म्हणजे गेम न खेळताही खातं साफ.

यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका म्हणजे खातं भाड्याने देणं. "तुझं बँक खातं आणि सिमकार्ड दे, महिन्याला कमिशन घे" असं सांगून सट्टेवाले गावातल्या तरुणांना गाठतात. त्या खात्यातून सट्ट्याचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो. तक्रार झाली की पोलीस आधी खातं गोठवतात आणि चौकशीला खातेदाराला बोलावतात. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, पीक विमा, दुधाचा पगार त्याच खात्यात येत असेल तर सगळं अडकलं. खेळणाऱ्याला शिक्षा नसली तरी पैसा फिरवायला मदत करणाऱ्याला आहे, हे पोरांना स्पष्ट सांगा.

घरात काय करायचं?

कुठलाही गेम दिसला की तीन प्रश्न विचारा. हरल्यावर पैसे जातात का? जिंकल्यावर पैसे मिळतात असं सांगतात का? अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलं की कुणी फाईल पाठवली? पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर तो जुगार आहे, नाव काहीही असो. तिसऱ्याचं उत्तर "फाईल पाठवली" असेल तर अ‍ॅप लगेच काढून टाका आणि बँकेचा पिन बदला.

बाकीच्या खेळांना वेळ ठरवून द्या. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. लहान मुलाचा मोबाईल वेगळा असेल तर गुगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप फुकट मिळतं. त्यातून वेळेवर आणि खरेदीवर लगाम ठेवता येतो.

पैसे फसवून गेले असतील तर लाजून घरी बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. खेळ सुटत नसेल, झोप आणि कामधंदा बिघडला असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर सल्ला मोफत मिळतो.

आणि शेवटचं, मोठ्यांसाठी. पोराच्या हातातला बंदूकवाला गेम दिसतो, कारण त्याचा आवाज येतो. रमीचा आणि विमानाचा गेम गपचूप चालतो, तोही बहुतेकदा घरातल्या कमावत्या माणसाच्या मोबाईलवर. सोयाबीनची पट्टी हातात आली की या लिंक जास्त मोहात पाडतात. म्हणून घरात गेमचा नियम करायचा असेल तर तो सगळ्यांच्या मोबाईलला लावा. सुरुवात ज्याच्या फोनवर बँकेचं खातं जोडलेलं आहे त्याच्यापासून करा.