शिखरांची मोजदाद

डोंगर चढणें ही चांगली गोष्ट आहे कीं नाहीं, याविषयीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. वाद आहे तो डोंगर मोजण्याच्या हौसेविषयीं. एका दिवसांत अमुक शिखरें सर केलीं, अमुक तासांत अमुक टेकड्या ओलांडल्या, हें अंकगणित आपल्या प्रवासवर्णनांत इतकें बोकाळलें आहे, कीं डोंगर म्हणजे जमाखर्चाच्या वहींतील एक रकानाच होय, असा वाचकाचा ग्रह व्हावा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग घ्या. तेथील मुरमाड घसरणींचें, पावसाळ्यांत एकाएकीं उतरणाऱ्या धुक्याचें नेमकें वर्णन क्वचितच वाचावयास मिळतें. ‘टेकड्या तेरा’ हें मात्र जो तो सांगतो. ‘सर करणें’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. गड सर करीत, कारण त्यावर शत्रु बसलेला असे. टेकडीवर कोण बसला आहे?

या हौसेचें प्रसिद्ध माहेर स्कॉटलंड होय. सर ह्यू मन्रो यांनीं १८९१ सालीं त्या देशांतील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून ती पुरी करणें हें तेथें अनेकांचें व्रत झालें. परंतु खुद्द मन्रो १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांची स्वतःची यादी अपुरीच होती! पुढें २०१२ सालीं नव्या मोजणींत एक शिखर तीन हजार फुटांस किंचित् कमी भरलें, म्हणून तें यादींतून गळलें व संख्या २८२ झाली. डोंगर होता तेथेंच राहिला. पूर्वीं कोणी तो भर वादळांत चढला असेल, तर त्याचे श्रम त्या दिवशीं वायां गेले असें कोण म्हणेल? ज्या संख्येस मोजणीदाराची दुर्बीण बदलूं शकते, तिच्यापायीं जीव धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे.

वेळेच्या हिशेबाचीही हीच गोष्ट. नेस्मिथ नामक स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एका दिवसांत क्रूअख आर्ड्रन, स्टोबिनियन व बेन मोर हीं तीन शिखरें चालून काढलीं. अंतर दहा मैल, एकूण चढण ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास. त्यावरून त्यानें नियम बसविला, कीं दर तीन मैलांस एक तास व दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास धरावा. गणित चोख आहे. पण त्यांत वारा नाहीं, पाऊस नाहीं, धुकें नाहीं, निसरडी उतरणही नाहीं. नेस्मिथचा यांत दोष नाहीं. त्यानें हा नियम धडधाकट माणसांसाठीं व सोप्या वाटांसाठींच सांगितला होता. दोष आहे तो अंदाजालाच वेळापत्रक समजणाऱ्यांचा.

हवा पालटली म्हणजे हीं सारीं गणितें कोलमडतात. उंची हजार मीटर वाढली कीं हवा सरासरीनें साडेसहा अंशांनीं थंड होते. त्यांत अंगावर ओले कपडे आणि कड्यावरचा वारा असला, म्हणजे भर आषाढांतही माणूस गारठतो. सकाळीं घोट्याइतक्या पाण्यांतून ओलांडलेला ओढा दुपारच्या एका सरीनें मांडीला लागतो. अशा वेळीं तेरांपैकीं नऊ टेकड्या झालेल्या माणसाच्या मनांत काय चालतें? समोर ढग दाटलेला त्याला दिसतो. पण झालेल्या नवांचा लोभ त्याला मागें फिरूं देत नाहीं. मोजदादीचा खरा अपराध हा, कीं परत फिरणें हा निर्णय न राहतां ती तोट्याची नोंद होऊन बसते. त्याच रानांतला गुराखी आभाळ पाहून गुरें खालीं वळवितो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं लक्ष्य नसेल तर तरुण घराबाहेरच पडणार नाहींत. लक्ष्य असूं द्यावें. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु पहांटे घरीं ठरविलेल्या लक्ष्यानें दुपारचें डोळ्यांसमोरचें आभाळ नाकारूं नये, एवढेंच आमचें म्हणणें. दुसरा कोणी म्हणेल, कीं आतां खिशांतलें यंत्र वाट दाखवितें. तें वाट दाखवील. पाय ठरण्याजोगा दगड व ओढ्याचा जोर तें दाखविणार नाहीं.

म्हणून, तरुणांस डोंगरांत नेणाऱ्या मंडळांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. निघण्यापूर्वीं किती शिखरें करावयाचीं हें सांगतां, तसेंच कोणत्या खिंडींतून खालीं गांवांत उतरतां येतें, आणि किती वाजतां, कोठें असूं तेथून, मागें फिरावयाचें, हेंही सर्वांदेखत सांगा. आणि लेखकांनों, तुम्ही ज्या दिवशीं चौथ्या टेकडीवरून परतलांत, त्या दिवसाची हकीगत लिहा: वारा कोणत्या दिशेनें फिरला, ढग कोठवर उतरला, परतण्याचें कोणीं सुचविलें व तें कोणास पटलें नाहीं. तेरा टेकड्यांच्या बेरजेपेक्षां त्या एका पानानें पुढल्या वाटसरूचें अधिक रक्षण होईल, आणि मराठी प्रवासवर्णनांतही कांहीं वाचण्याजोगें येईल.