रात्रीच्या केअररची खोली जादा कशी?

ब्रिटनमधील मराठी भाडेकरूंना, मतदारांना आणि केअररचे काम करणाऱ्यांना जाहीर आवाहन

1 एप्रिल 2013 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गरीब भाडेकरूंच्या बेडरूम मोजल्या जाऊ लागल्या. कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्या, पेन्शनचे वय न झालेल्या माणसाकडे सरकारी हिशेबापेक्षा एक बेडरूम अधिक निघाली, तर हाउसिंग बेनिफिटसाठी धरले जाणारे भाडे 14 टक्क्यांनी कापायचे आणि दोन निघाल्या तर 25 टक्क्यांनी, असा हा नियम आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘बेडरूम टॅक्स’ असेच बसले. सरकारच्याच 2012 च्या अंदाजानुसार सुमारे 6 लाख 60 हजार भाडेकरूंना त्याची झळ बसणार होती, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश घरांत अपंग माणूस होता. म्हणजे कुऱ्हाड कोणावर पडणार, हे ती उगारणाऱ्यांना ठाऊक होते. पुढे हाउसिंग बेनिफिटच्या जागी युनिव्हर्सल क्रेडिट आले, तरी टक्केवारी तीच राहिली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, रात्रीच्या केअररला पाठ टेकायला लागणारी खोली ही अपंग माणसाच्या उपचाराचा भाग आहे. ज्याला रात्रीतून दोनदा-तीनदा कूस बदलून द्यावी लागते, ज्याचे श्वासाचे यंत्र बंद पडले तर मिनिटांचा खेळ असतो, त्याच्याजवळ माणूस मुक्कामाला हवाच. त्या माणसाने कुठे निजायचे? किमान वेतनाचा कायदा याचे उत्तर गृहीत धरून चालतो. कामाच्या ठिकाणी झोपण्याची योग्य सोय दिली असेल, तर झोपेचे तास किमान वेतनात मोजायचे नाहीत, असे तो सांगतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. केअररचा पगार ठरवताना झोपायची जागा ही कामाची सोय, आणि अपंगाचे भाडे ठरवताना तीच जागा सिद्ध होईपर्यंत चैन! एकाच सरकारचे हे दोन हिशेब जुळत नाहीत.

‘पण सवलत दिली आहे ना?’ असे विचारले जाईल. दिली आहे, पण कशी, ते पाहा. खासगी घरात राहणाऱ्या आणि रात्री केअरर लागणाऱ्या भाडेकरूला एकाच खोलीचा दर देणे हा भेदभाव आहे, असे अपील न्यायालयाने मे 2012 मध्ये सांगितले. त्यानंतर अकराच महिन्यांनी सोशल हाउसिंगचा, म्हणजे वर सांगितलेला, नियम लागू झाला. त्यात रात्रीच्या केअररसाठी खोली मान्य झाली, पण ती केवळ अर्जदारासाठी किंवा त्याच्या जोडीदारासाठी. अपंग मुलाजवळ केअरर राहत असेल, तर खोली जादाच ठरली. अपंगत्वामुळे एका खोलीत झोपू न शकणाऱ्या नवरा-बायकोचीही दुसरी खोली जादा ठरली. सरकार हे खटले शेवटपर्यंत लढले, आणि 9 नोव्हेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयात या दोन्ही मुद्द्यांवर हरले. नियम बदलला तो 1 एप्रिल 2017 पासून. त्याआधीच्या चार वर्षांच्या कपातीचे काय, यासाठी पुन्हा भांडावे लागले आणि त्याचा निकाल लागायला नोव्हेंबर 2019 उजाडला. आज जिला सवलत म्हणतात, तिचा मोठा भाग असा कोर्टातून ओढून आणलेला आहे.

शिवाय त्या सवलतीची रचनाच उलटी आहे. हाउसिंग बेनिफिटच्या नियमानुसार रात्रीच्या मदतीची गरज दाखवून भागत नाही. घरात न राहणारा केअरर प्रत्यक्ष ठरवलेला हवा, तो नियमित मुक्कामाला येणारा हवा आणि त्याला निराळी बेडरूम दिलेली हवी. एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचे? खोली नाही म्हणून केअरर टिकत नाही, आणि केअररची व्यवस्था नाही म्हणून खोलीचे पैसे नाहीत. आधी मोठे घर भाड्याने घ्या, मग हक्क मागा, असे हे सांगणे आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तर एक दार आणखी बंद झाले. पूर्वी अपंगत्वाचा भत्ता नसला तरी इतर कागदपत्रांवर कौन्सिलला गरज पटवून देता येत असे. आता ठरावीक भत्ता हातात असल्याशिवाय रात्रीची गरज धरलीच जात नाही. ज्याचा पिप या अपंगत्वाच्या भत्त्याचा अर्ज किंवा अपील अडकून पडले आहे, त्याला रात्री केअरर लागत नाही असे समजायचे काय?

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा जागेचा आहे: दाटीवाटीने राहणारी कुटुंबे रांगेत असताना कोणी मोकळ्या खोल्या का अडवाव्यात? प्रश्न रास्त आहे, पण या नियमाने तो सुटत नाही. पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना त्यातून सरसकट वगळले आहे. जागा मोकळी करणे हाच खरा हेतू असता, तर असे झाले नसते. आणि केअरर ज्या खोलीत निजतो ती मोकळी नसतेच. उलट अपंगाला लहान घरात हलवले, तर रुंद दारे, उचलयंत्र, बदललेले न्हाणीघर हे सारे मागे राहते आणि नव्या घरात पुन्हा करावे लागते. इंग्लंडमध्ये त्यासाठी 30 हजार पौंडांपर्यंत सरकारी अनुदान मिळते. सरकारच्या 2012 च्या अंदाजानुसार आठवड्याला सरासरी 14 पौंड वाचवण्यासाठी असा खर्च दुसऱ्यांदा करणे, किंवा रात्रीची सोय मोडून माणसाला केअर होममध्ये पाठवणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर मिळते ते कौन्सिलच्या ऐच्छिक मदतीचे, म्हणजे डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंटचे. पण ती मदत द्यायची की नाही हे कौन्सिल ठरवते, निधी मर्यादित असतो, आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागतो. जन्मभराच्या अपंगत्वाला काही महिन्यांची मंजुरी पुरत नाही. स्कॉटलंडच्या सरकारने याच मार्गाने ही कपात भरून काढायचे ठरवले. म्हणजे इच्छा असली की पैसा उभा राहतो. मग तोच हक्क म्हणून नियमात लिहायला अडचण काय? राहिली फसवणुकीची भीती. ती खरी धरली तरी गरज तपासायला डॉक्टर आहेत आणि कौन्सिलचे सोशल वर्कर आहेत. रात्रीची मदत लागते असे एका खात्याने लिहून दिले की दुसऱ्याने त्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

म्हणून मागणी अशी: रात्रीच्या मदतीची गरज कौन्सिलच्या पाहणीतून किंवा वैद्यकीय पुराव्यातून मान्य झाली की त्याच दिवसापासून खोली मान्य व्हावी, केअरर आधी नेमण्याची आणि भत्ता आधी मिळवण्याची अट जावी. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, त्यांना हा विषय परका वाटेल. पण त्यांच्यापैकी जे केअरर आहेत, त्यांच्याच झोपेच्या जागेचा हा प्रश्न आहे. आणि भारतीय पासपोर्ट असला, तरी इथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. ते नाव नोंदवा, आपल्या खासदाराला आणि कौन्सिलरला ही मागणी लेखी पाठवा, आणि लेखी उत्तर मागा. कपात झालेली असेल, तर फेरविचाराचा अर्ज मुदतीत करा. आजवरचे हक्क ज्यांनी निमूटपणे कपात सोसली नाही, त्यांच्यामुळेच मिळाले आहेत.