वारकऱ्याचा दरडोई खर्च

पंढरीच्या वाटेला ‘पर्यटन उत्पादन’ म्हणणारा एक निबंध परवा एका परिसंवादात ऐकला. निबंधकारांचे म्हणणे असे: वारी हे श्रद्धेचे पर्यटन आहे. वारकऱ्याचा दरडोई खर्च किरकोळ. त्याच्यासाठी टँकर, शौचालये, बंदोबस्त यांवर सरकारचा खर्च मात्र मोठा. म्हणून धोरण असे आखावे की ‘दर्जेदार’ भाविक वाढेल, आणि या बेशिस्त गर्दीचे व्यवस्थापन व्यावसायिकांच्या हाती जाईल.

‘दर्जेदार भाविक’ हा शब्द ऐकून मी तिथेच उठलो असतो. पण ‘बेशिस्त’ हा शब्द त्याहून चुकीचा आहे, कारण तो अडाणीपणातून आला आहे. ज्याने तो लिहिला, तो संध्याकाळी तळावर कधी उभा राहिलेला नाही. माउलींची पालखी मुक्कामी पोचते, दिंड्या रिंगण धरून उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे चिडीचूप होते. मात्र एखाद्या दिंडीची त्या दिवशी तक्रार असेल, पाणी मिळाले नसेल, चालण्याचा क्रम कुणी मोडला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, समाधान झाले की टाळ थांबतात. मग हरवले-सापडलेले पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि त्यानंतर आरती होते. तक्रार त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, अर्ज न करता ऐकली जाते. निबंधात या समाजआरतीचा उल्लेखही नव्हता.

ही शिस्त आजची नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडी घालून दिली. रथापुढच्या २७ दिंड्या आणि रथामागच्या, प्रत्येकीला क्रमांक ठरलेला. वारकरी दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरतो, दिंडीचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, पालखी पोचेपर्यंत चुली पेटलेल्या असतात. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर हा संसार रोज मांडला जातो आणि रोज मोडला जातो. तो मांडणाऱ्या माणसांना व्यवस्थापन शिकवायला निघालेल्याने आधी एक राहुटी तरी ठोकून पाहावी.

आता दरडोई खर्च. देशी पर्यटकाच्या सरकारी व्याख्येत तीर्थयात्रा येते, पण मुक्काम हॉटेलात किंवा धर्मशाळेसारख्या ठिकाणी निदान चोवीस तास हवा. शेतातल्या राहुटीत, शाळेच्या ओसरीवर, कुणाच्या पडवीत झोपणारा या मापात बसत नाही. वाटेवरची गावे पंगती घालतात, घरोघरी पिठलं-भाकरी होते. तो पैसा कोणत्या रकान्यात धरला? खर्च झालाच आहे, फक्त तो वारकऱ्याच्या खिशातून झाला नाही, म्हणून निबंधकारांना दिसला नाही.

हा दोष जुनाच आहे. इंग्रजी अमलात पंढरीचा यात्रेकरू म्हणजे पटकीचा वाहक होता आणि त्याच्याकडून यात्राकर घेतला जाई. पुढे आपल्याच सुधारकी वळणाच्या मंडळींनी ठरवले की वारीत शेतकऱ्याचे दिवस वाया जातात. पेरणी उरकून माणूस निघतो, हे त्यांना कुणी सांगितले नसावे. आता तो कमी खरेदी करणारा ग्राहक झाला. शंभर-दीडशे वर्षांत मोजणारे बदलले. मोजला जाणारा गप्पच राहिला.

निबंधात सुचवलेल्या एका दिवसाच्या चालण्याच्या पॅकेजबद्दल एवढेच: दिवेघाटात फोटोपुरती पावली खेळून परतणाऱ्यांची दाटी आजच वारकऱ्याची वाट अडवते.

मग संशोधन नको का? हवे. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे वेगळे जेवतात हे त्यांना दिसले. त्यांनी ते ‘वाटचाल’मध्ये लिहिले, वारीवर प्रेम असूनही लिहिले. तसे चालून पाहणारे लोक हवेत. तरडगाव, भंडीशेगाव यांसारख्या गावांत एका रात्रीत लाखोंचा तळ पडतो. नंतरचा कचरा कोण उचलते? बायका अंघोळीला कुठे जातात? रुंद झालेल्या पालखी मार्गावरची सावली गेली, तिथे दुपारचा विसावा कसा होतो? पंढरपुरात ६५ एकरांवर वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली, तशी वाटेवरच्या तळांवर का होत नाही? नियोजनाच्या बैठकीत दिंडीचालकांना खुर्ची मिळावी, ही मागणी तर आजच करता येईल.

प्रश्नावली घेऊन येणाऱ्याने पुढच्या वर्षी एखाद्या दिंडीत भिशी भरावी, आळंदीहून निघावे आणि पहिला प्रश्न पंढरपूरआधीच्या शेवटच्या मुक्कामी, वाखरीच्या तळावर पोचल्यावर विचारावा.